लोखंडाचं कालवण

जेद्दाच्या अझीझिया भागात रत्नागिरी-रायगडकडची जी दीडेकशे मुसलमान बिऱ्हाडं आहेत, त्यांच्यात भांडणं भरपूर. गाडी कुणाच्या दारात लावली यावरून, ईदला कोण कुणाकडे आधी गेलं यावरून, जमातीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी कुणाचा सलाम घेतला नाही यावरून. पण एका गोष्टीवर कधी दोन मतं नव्हती. मीठ मोहियुद्दीन परकारने बघायचं.

नव्या बाळाचा अकीका असो, साखरपुडा असो, नाहीतर जमातीचं वर्षाचं जेवण असो, देग उतरली की झाकलेलीच राहायची. मग मोहियुद्दीन यायचा. बाही मागे सारायचा, मनगटावर कालवणाचा एक थेंब घ्यायचा, बिस्मिल्ला म्हणून तो जिभेवर ठेवायचा आणि डोळे मिटायचा. दोनशे माणसं भुकेने कळवळत उभी, आणि हा गृहस्थ डोळे मिटून. सावकाश डोळे उघडून म्हणायचा, ‘‘बरोबर.’’ की सुटले सगळे ताटांकडे. एकदा त्याने ‘‘आमसूल मागच्या सालचा हाय’’ असं जाहीर केलं आणि आचाऱ्याने कान पकडून ते कबूल केलं. तेव्हापासून मोहियुद्दीनची जीभ म्हणजे जमातीचं शेवटचं कोर्ट झालं. त्यापुढे अपील नाही.

पोटापाण्यासाठी तो बंदराजवळच्या एका गोदामात स्टोअरकीपर होता. अठ्ठावीस वर्षं. जहाजांचे सुटे भाग, बोल्टपासून बेअरिंगपर्यंत. गोदामाचा नियम साधा होता. माल बाहेर गेला की चिठ्ठी फाडायची. माल जसाच्या तसा परत आला, तर त्याचा अर्थ काम झालेलं नाही, तेव्हा नव्याने माल द्यायचा. हा नियम त्याच्या अंगात इतका मुरला होता की धोब्याकडून सदरा डागासकट परत आला, तरी तो ‘‘रिटर्न’’ असं पुटपुटायचा.

घरी बदरुन्निसा. तिच्या हाताला दापोलीकडची जुनी चव होती. तिची एक खोड होती, ती रांधताना कधी चाखायची नाही. वासावर मीठ घालायची. ताट वाढून समोर बसायची आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची. तो पहिला घास घ्यायचा, ‘‘बरोबर’’ म्हणायचा, मग ती स्वतःला वाढून घ्यायची. एकतीस वर्षांत मोहियुद्दीनने ‘छान’ म्हटलं नाही, ‘वा’ म्हटलं नाही. एकच शब्द. त्या एका शब्दावर तिने संसार केला असं म्हटलं तर जरा जास्तच होईल, पण फार जास्त नाही होणार.

तर या माणसाला साखर झाली होती. तीन वर्षांपूर्वी, कंपनीच्या तपासणीत. हे जेद्दात फक्त दवाखान्यातल्या डॉक्टर स्मृतींना माहीत होतं. बदरुन्निसाला नव्हतं. तिचा बाप साखरेनेच गेला होता. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंतचा पाय, मग बाप. दोन वर्षं तिने त्याची पट्टी बदलली होती. रोज त्याच्या पायाची बोटं दाबून ‘‘कळतंय का बाबा?’’ विचारायची, आणि तो पोरीला बरं वाटावं म्हणून ‘‘कळतंय’’ म्हणायचा. हे मोहियुद्दीनने डोळ्यांनी पाहिलं होतं. आपलं नाव त्या यादीत आहे हे तिला सांगायचं म्हणजे तिचा तो चेहरा पुन्हा बघायचा. तेवढी छाती त्याला नव्हती. म्हणून तो गोळ्या गाडीत ठेवायचा, डॅशबोर्डच्या खणात, गाडीच्या कागदांच्या मागे. रोज रात्रीचं जेवण झालं की ‘‘गाडी बघून येतो’’ म्हणून खाली जायचा. बदरुन्निसाची समजूत अशी की नवऱ्याचा गाडीवर फार जीव आहे.

आधीच्या गोळीने पोटात फार गडगड व्हायची. मशिदीत सगळे शांत उभे असताना याच्या पोटातून ढग गरजायचे. म्हणून दोन महिन्यांपूर्वी डॉक्टर स्मृतींनी मेटफॉर्मिनचाच दुसरा प्रकार दिला, हळूहळू काम करणारा, आणि मात्रा थोडी वाढवली. पोट निवलं. पण आठवड्याभरातच, माणूस जिथे एकटाच जातो त्या जागी, एका सकाळी मोहियुद्दीनने सहज खाली पाहिलं आणि त्याला आपली गोळी दिसली. अख्खी. लांबट, पांढरी, जशी गेली होती तशीच.

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. मोहियुद्दीन घाबरला नाही. त्याने गोदामातला नियम लावला. माल दिला, माल परत आला, माल शाबूत आहे, म्हणजे काम झालेलं नाही. नव्याने देणे. त्या रात्री गाडी बघायला खाली गेल्यावर त्याने दोन गोळ्या घेतल्या, एक आजची आणि एक परत आलेल्या कालच्या गोळीच्या बदल्यात, आणि जादा मालाची चिठ्ठी लिहून खणात ठेवली.

दोन दिवसांनी दोन्ही परत आल्या. तिसरीपर्यंत तो गेला नाही, एवढी अक्कल शिल्लक होती. पण दोन मात्र नेमाने चालू ठेवल्या, आणि जे परत येईल त्याचे तारीखवार फोटो काढून ठेवू लागला. पुढे-मागे पुरवठादाराकडे तक्रार करायची झाली तर पुरावा नको का?

त्यानंतरच्या शुक्रवारी बदरुन्निसाने तिकडच्या लाल समुद्रातल्या नाजिल मासळीचं कालवण केलं. ताट वाढलं, समोर बसली. सोळा वर्षांची इकरा मोबाइल मांडीवर ठेवून थांबली होती, कारण अब्बांच्या शब्दाआधी घरात कुणी जेवत नसे. मोहियुद्दीनने घास घेतला आणि डोळे मिटले. डोळे उघडेनात.

‘‘काय झाला?’’ बदरुन्निसाने विचारलं.

‘‘लोखंड,’’ तो म्हणाला.

‘‘कसला लोखंड?’’

‘‘नवा. गंजलेला नाय. तेल न लावलेला बोल्ट तोंडात धरावा तसा.’’ अठ्ठावीस वर्षं लोखंडात काढलेला माणूस, नेमकं सांगणारच.

बदरुन्निसाने कढई बदलली. लोखंड होतं. मासळीवाला बदलला. लोखंड होतं. गावाहून आलेला मसाला कपाटात ठेवून बाजारातला आणला. तरीही लोखंड, आणि वर बाजारातला मसाला. भात, चहा, खजूर, शेवटी नुसतं पाणी. सगळ्याला तीच चव. गोळीचा आणि जिभेचा संबंध त्याच्या डोक्यातच आला नाही. गोळी पोटाची, जीभ तोंडाची. गोदामातसुद्धा पाइप एका रॅकवर असतात आणि रंगाचे डबे दुसऱ्या.

‘‘पाणीच बिघडलाय,’’ त्याने निकाल दिला.

‘‘अब्बा, सीरियसली, इट्स जस्ट वॉटर,’’ इकरा म्हणाली. पण कोर्टापुढे पोरीची काय टाप!

जमातीचे अध्यक्ष हुसेनमियाँ त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे. वय सत्तर, जेद्दात चाळीस वर्षं, हातात काठी. मोहियुद्दीनने त्यांच्या कानावर घातलं. हुसेनमियाँनी त्याच्यासमोर पेलाभर पाणी घेतलं, घोळवलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

‘‘हाय,’’ ते म्हणाले. ‘‘लोखंड हाय. मी महिनाभर समजतोय, माझी कवळी खराब झाली.’’

मग काय, वाऱ्यासारखी बातमी पसरली. मोहियुद्दीनची जीभ म्हणते पाण्यात लोखंड आहे. आठवड्यात पंधराजणांना ते लागलं, दुसऱ्या आठवड्यात तीसजणांना. ज्याला लागत नव्हतं तो गप्प बसायचा, कारण आपली जीभ अडाणी आहे हे चारचौघांत कोण सांगणार? हुसेनमियाँनी इमारतीची टाकी उपसून घासून घेतली. टँकरवाला बदलला. पाणी तपासायला पाठवलं, तर ‘पिण्यास उत्तम’ असा कागद आला. ‘‘कागदाला जीभ असते काय?’’ हुसेनमियाँ म्हणाले आणि टाकी पुन्हा घासून घेतली. एकाने दाढेवरची धातूची टोपी काढून घेतली. एकाच्या बायकोने नळ सोडून सगळं स्टील घराबाहेर काढलं आणि ते कुटुंब महिनाभर कागदी ताटल्यांत जेवलं.

आणि या सगळ्या धामधुमीत बदरुन्निसा हळूहळू गप्प झाली. इतरांना पाण्यात लोखंड लागत होतं, तिला वाटायला लागलं की आपल्या हातात काहीतरी झालंय. पाणी बदललं, भांडी बदलली, मसाले बदलले. बदलायचा राहिला तो हात. एका दुपारी मोहियुद्दीन लवकर घरी आला तर ती ओट्यापाशी उभी होती, आणि उजवा पंजा नाकाशी धरून हुंगत होती. त्याला पाहून तिने हात पदराआड केला. मोहियुद्दीनने ते पाहिलं. पण पाहिलं म्हणून तो काय सांगणार? चव तर त्याला खरोखरच लागत होती, आणि न लागलेली चव लागली म्हणून सांगणं त्याने जन्मात केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात हॉटेलातली अरबी मंदी यायला लागली. भात, वर कोंबडी. इकरा खूश होती.

नेमकं त्याच वर्षी जमातीने ठरवलं होतं की वार्षिक जेवणाला आचारी बोलवायचा नाही, बदरुन्निसाभाबींनी सुरमईचं कालवण करायचं. वीस वर्षं ती या बोलावण्याची वाट बघत होती. आता ती म्हणाली, मी नाही करणार. हुसेनमियाँ घरी येऊन बसले. ‘‘भाबी, वर्षातून एकदा गावचा जेवण मिळतो. नाय म्हणू नका. नवीन देग घेतो, पाणी बाटलीबंद आणतो.’’

ती हुसेनमियाँकडे न बघता, नवऱ्याकडे बघत म्हणाली, ‘‘करते. पण हे बरोबर म्हणाले तर यापुढे घरात रांधीन. नायतर त्या दिवशी डाव खाली ठेवला तो ठेवला. मग जन्मभर मंदी खा.’’

मोहियुद्दीनने एकतीस वर्षांत तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं. रुसवा असता तर चाललं असतं. हा रुसवा नव्हता, तिने मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

जेवणाच्या चार दिवस आधी तो डॉक्टर स्मृतींकडे गेला. गेला तो गोळ्यांची तक्रार घेऊन. स्मृती मूळच्या सांगलीच्या, वय पस्तिशीचं, बोलणं फटकळ. त्याने मोबाइल त्यांच्यापुढे ठेवला. ‘‘मॅडम, तुमचा माल रिटर्न येतोय. सतरा वेळा. तारखा खाली लिहिल्यात.’’

स्मृतींनी पहिला फोटो बघितला. दुसरा बघितला. तिसऱ्याला मोबाइल पालथा ठेवला.

‘‘परकारकाका, मला दहा वर्षांत कुणी असे फोटो दाखवले नाहीत.’’

‘‘पुरावा लागतो ना.’’

‘‘ही गोळी नाही. हे गोळीचं नुसतं टरफल आहे. चहाची पिशवी असते ना? चहा पाण्यात उतरतो, पिशवी राहते. तसं औषध तुमच्या पोटात उतरलं आणि टरफल बाहेर पडलं. या प्रकारात होतं असं. मीच आधी सांगायला हवं होतं.’’

मोहियुद्दीनने मोबाइल पुन्हा सुलटा केला. ‘‘म्हणजे काम झालेलं होतं?’’

‘‘पूर्ण. का?’’

‘‘मी बदली माल देत होतो. रोज एक जादा.’’

यानंतर डॉक्टर स्मृती जे बोलल्या ते सगळं इथे लिहीत नाही. ‘कुणाला विचारून’ हे शब्द त्यात पाच-सहा वेळा आले. रक्त काढून झाल्यावर, त्यांचा आवाज खाली आल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘आणखी काही त्रास? तोंडाला विचित्र चव वगैरे? पुष्कळांना येते या औषधाने. धातूसारखी.’’

मोहियुद्दीनच्या डोळ्यांपुढून दोनदा घासलेली टाकी गेली, काढलेली दाढेची टोपी गेली, कागदी ताटल्या गेल्या. शेवटी पंजा नाकाशी धरून उभी असलेली बदरुन्निसा आली आणि ती काही जाईना.

‘‘आणि काका,’’ स्मृती टेबलाखाली बघत म्हणाल्या, ‘‘तुमच्या एका पायात बायकांची चप्पल आहे.’’

खरंच होती. मोरपंखी, सोनेरी पट्ट्याची, दोन बोटं आखूड. घरापासून इथवर तो तशीच घालून आला होता आणि त्याला कळलं नव्हतं. स्मृतींनी त्याला चपला काढायला लावून तळव्यावर काहीबाही टोचून पाहिलं. बराच भाग मुका होता. साखरेने होतं, त्या म्हणाल्या, आणि हे औषध वर्षानुवर्षं घेतल्यावर कुणाकुणाचं बी-ट्वेल्व्ह कमी होतं, त्यानेही होतं. तपासून बघू. तसं असेल तर इंजेक्शनं देऊ, बरंचसं परत येतं. गोळी एकच, जेवणासोबत, आणि मनाने बंद करायची नाही. तोंडाची चव थोड्या दिवसांनी निवळेल.

‘‘थोड्या दिवसांनी म्हणजे शुक्रवारपर्यंत?’’

‘‘ते मी कसं सांगू?’’

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. बी-ट्वेल्व्ह खरोखरच तळाला गेलं होतं. त्याने पहिलं इंजेक्शन घेतलं आणि घरी सांगायचं ठरवलं. मंगळवारी तो तोंड उघडणार तोच इकराने वाय-फाय गेल्याची तक्रार केली. बुधवारी त्याने ‘‘बदरू, एक सांगायचं होतं’’ इथपर्यंत मजल मारली. ती वळली, ‘‘काय?’’ म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत त्याला तिचा बाप दिसला. ‘‘गाडी बघून येतो,’’ म्हणून तो खाली गेला. गुरुवारी तर नुसताच गाडीत जाऊन बसला.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर सगळी जमात उसफानच्या रस्त्यावरच्या इस्तिराह्यावर जमली. दिवसाच्या भाड्याने मिळणारं कुंपणाचं आवार, हिरवळ, एक पोहण्याचा तलाव, बायकांसाठी वेगळा हॉल. बदरुन्निसा पहाटेपासून तिथल्या स्वयंपाकघरात होती. देग बाहेर आली ती चारजणांनी उचलून आणली. नवी कोरी, बाटलीबंद पाण्याची. तरी हुसेनमियाँनी मोहियुद्दीनला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘तू बेलाशक खरा बोल. हॉटेलात दोनशे माणसांची मंदी सांगून ठेवलीय. गाडी गेटवर हाय.’’

मोहियुद्दीनने पाहिलं. गेटवर खरोखरच गाडी होती.

हॉलच्या दारातला पडदा जरासा सरकलेला होता. त्यामागे बदरुन्निसा उभी असणार हे त्याला न बघता माहीत होतं. त्याने बाही मागे सारली. मनगटावर थेंब घेतला. बिस्मिल्ला म्हणून जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

लोखंड. नवं, कोरं, गोदामातलं लोखंड.

त्याने एक गोष्ट मनात उलटसुलट केली. ‘बरोबर’ म्हणून टाकावं. चार अक्षरं, बायको वाचेल, कालवण वाचेल. पण मीठ खरोखर बरोबर आहे की नाही, हे त्याला कळतच नव्हतं. आणि एकतीस वर्षं ज्या बाईने फक्त याच शब्दासाठी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, तिला तो खोटा पडलेला दिसला नसता का? शिवाय पुढे उभ्या असलेल्या दोघा-तिघांनी चोरून बोटं बुडवली होती आणि मागे कुजबुज सुरू झाली होती, ‘‘हाय. लोखंड हाय.’’ हुसेनमियाँनी गेटकडे वळून हात वर केला. मंदीच्या गाडीचं मागचं दार उघडलं.

पोरांच्या प्रश्नमंजूषेसाठी आणलेला माइक खुर्चीवर पडला होता. मोहियुद्दीनने तो उचलला.

‘‘थांबा,’’ तो म्हणाला, आणि आवाज एवढा मोठा आला की तोच दचकला. ‘‘लोखंड कालवणात नाय. लोखंड माझ्या तोंडात हाय. पाण्यात नव्हता, टाकीत नव्हता, कढईत नव्हता. मला साखर हाय. तीन वर्षं झाली. मी गोळी घेतो, त्या गोळीने तोंडाला अशी चव येते. डॉक्टरने सांगितलं. मी घरात लपवला. मीठ कसा हाय ते मला सांगता येत नाय. माझी जीभ सध्या कामाची नाय.’’

आता आपल्याला शिव्या पडणार, दाढेची टोपी काढलेला तर अंगावर येणार, असं मोहियुद्दीनला वाटलं.

हुसेनमियाँ काठी टेकत पुढे आले. ‘‘गोळी कसली?’’ त्यांनी हळूच विचारलं, पण माइक जवळ होता.

‘‘पांढरी. लांबट.’’

‘‘सकाळी परत येते ती?’’

मोहियुद्दीनने मान हलवली.

हुसेनमियाँनी त्याच्या हातातला माइक घेतला. ‘‘मी पन तीच घेतो,’’ ते म्हणाले. ‘‘पाच वर्षं. खजुराच्या डब्यात ठेवतो. परत आलेली बघून मी समजायचो, माझे दिवस भरले, आता पोटाला काही पचत नाय.’’

मागून कुणीतरी हात वर केला. मग आणखी एकाने. अत्तराच्या पेटीत ठेवणारा निघाला, जुन्या मोबाइलच्या खोक्यात ठेवणारा निघाला. कागदी ताटल्यांवर महिनाभर जेवलेला म्हणाला की माझ्या गोळ्या ऑफिसच्या प्रिंटरच्या ट्रेमध्ये असतात. दाढेची टोपी काढलेला गालावर हात ठेवून हिरवळीवर खाली बसला. हॉलच्या पडद्याआडून एका बाईचा आवाज आला, ‘‘माझी तांदळाच्या पिंपात हाय,’’ आणि तिचा नवरा इकडे तोंडाचा आ करून उभा राहिला. मोजता मोजता सत्तावीस झाले. उरलेल्यांना नुसतंच मोहियुद्दीनच्या शब्दाखातर लोखंड लागत होतं, ते हळूहळू मागच्या मागे सरकले.

मग पडदा बाजूला झाला आणि बदरुन्निसा बाहेर आली. हातात डाव. माणसांनी वाट दिली. ती देगीपाशी येऊन नवऱ्यासमोर उभी राहिली.

‘‘तीन वर्षं?’’

‘‘हो.’’

‘‘माझ्या हाताला काय झाला म्हणून मी दोन महिने माझाच हात बघत होते.’’

‘‘हात बरोबर हाय, बदरू. माझा तोंड बिघडलाय.’’

तिने ओठ घट्ट मिटले. रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती देगीकडे वळली आणि म्हणाली, ‘‘मग मीठ कोन बघनार?’’

कुणी पुढे येईना. सत्तावीसजणांच्या जिभा निकामी होत्या, आणि उरलेल्यांची अब्रू नुकतीच गेली होती. तेव्हा बदरुन्निसाने बाही मागे सारली. मनगटावर थेंब घेतला, बिस्मिल्ला म्हटलं, डोळे मिटले. दोनशे माणसं उभी. मोहियुद्दीनला पहिल्यांदाच कळलं की समोर उभ्या असलेल्याला हा वेळ किती लांब वाटतो. एकतीस वर्षं ती इथेच उभी होती.

तिने डोळे उघडले. ‘‘मीठ कमी हाय,’’ ती म्हणाली.

मूठभर मीठ आणवलं, घातलं, खालून वर ढवळलं, पुन्हा थेंब घेतला. ‘‘बरोबर,’’ ती म्हणाली आणि हुसेनमियाँकडे बघून पुढे म्हणाली, ‘‘वाढा.’’

देग तळाला लागेपर्यंत माणसं जेवली. मंदी गेटवरच्या पहारेकऱ्यांनी, माळ्यांनी आणि मंदीच्याच ड्रायव्हरने खाल्ली. मोहियुद्दीनने लोखंडाचे तीन घास आणि वर आणखी तीन घास खाल्ले. त्याच्या ताटात भात मुठीएवढाच आला होता. तो वाढताना बदरुन्निसाने त्याच्याकडे बघितलंही नव्हतं.

जेवणं आटोपली, असरच्या नमाजेनंतरची उन्हं हिरवळीवर आडवी झाली, तशी ती येऊन म्हणाली, ‘‘तलावाच्या काठावर बसा. चपला काढा.’’

तो बसला. तिने त्याचा उजवा पाय मांडीवर घेतला. अंगठा दाबला. तिचा बाप साधारण याच वयाचा होता.

‘‘कळतंय?’’

‘कळतंय’ म्हणणं सोपं होतं. तिच्या बापाने दोन वर्षं तेच केलं होतं.

‘‘नाय,’’ मोहियुद्दीन म्हणाला.

तिचा हात थांबला. डोळे भरले, पण तिने पाय सोडला नाही. ‘‘दुसरा?’’

‘‘नाय. इंजेक्शन चालू झालाय. डॉक्टर म्हणतात, बराचसा परत येईल.’’

‘‘आणि रोज दोन दोन कशाला घेत होतात? इकरा आत्ता गाडी बघून आली, म्हनते, डॅशबोर्डच्या खनात चिठ्ठी होती. जादा माल दिला म्हनून.’’

मग त्याला परतीच्या मालाचा सगळा नियम सांगावा लागला. चिठ्ठ्यांचा, बदलीचा, सतरा फोटोंचा. ती ऐकत होती, ऐकता ऐकता तिचे खांदे हलायला लागले. मोहियुद्दीनला वाटलं रडतेय. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी, हातात नवऱ्याचा पाय, आणि हसू थांबेना. ‘‘फोटो?’’ ती म्हणाली, ‘‘डॉक्टरीण बाईला?’’ आणि पुन्हा सुरू.

त्याने मान वर केली. तलावाच्या चारही बाजूंनी काठावर पुरुष बसले होते, पायजमे गुडघ्यांपर्यंत दुमडलेले, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात त्याची बायको पायाची बोटं दाबत होती. हुसेनमियाँची म्हातारी तर चष्मा लावून एकेक नख तपासत होती. एका ठिकाणी मात्र तांदळाच्या पिंपवाली बाई काठावर बसली होती आणि तिचा नवरा खाली बसून तिची बोटं दाबत होता.

बदरुन्निसाने डोळे पुसले आणि त्याची करंगळी चिमटीत धरली. जोरात दाबली.

‘‘आता?’’

मोहियुद्दीनने डोळे मिटले. फार खोल, फार दूर, काहीतरी होतं.

‘‘थोडा कळतंय,’’ तो म्हणाला.

तिने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. खरं बोलतोय.

‘‘बरोबर,’’ बदरुन्निसा म्हणाली आणि दुसरा पाय मांडीवर घेतला.